चांदणीच्या चार खुरांसाठी, नालबंदकाकांना

आदरणीय नालबंदकाका,

सादर नमस्कार.

परवा सोमवारी आमच्या चांदणी घोडीच्या पुढच्या उजव्या खुराचा जो शेवटचा तुकडा तुम्ही पकडीने कापून काढलात, तो मी लिदीच्या गाडीत टाकला नाही. धुऊन, वाळवून चंदीच्या, म्हणजे घोड्यांच्या दाण्याच्या, पिंपावरच्या फळीवर ठेवला आहे. बोटभर लांब आहे, नखाच्या कातरणासारखा वाकडा, आणि त्याच्यावर आडवी खोल खाच आहे. ही खाच वर्षभर एकेक रेघ खाली सरकताना आपण दोघांनी पाहिली. म्हणून हे पत्र.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता आणि चहा मागता. शिवाय "चांदणीचे खूर कोणी बरे केले?" असं तबेल्यात येणारे इतके जण विचारतात की उत्तर सगळ्यांसमोरच द्यावं असं वाटलं. तुमची नात तुम्हाला हे मोठ्याने वाचून दाखवेल, असं तिने मला कबूल केलं आहे.

गेल्या मृगात चांदणी आली. ठाण्यात कोलशेतजवळ एका पुलाखाली दोन दिवस बांधून ठेवलेली होती. जवळच्या सोसायटीतल्या एका ताईंनी तिला पाणी दिलं आणि मग आम्हाला फोन केला. लग्नसराई संपली होती, घोडी लंगडत होती, आणि ज्याची होती तो परत आला नाही. पांढरी घोडी, कपाळावर अजून वरातीची टिकली चिकटलेली. पुढचे दोन्ही खूर इतके वाढले होते की टोकं चपलेसारखी वर वळली होती. गाडीतून उतरवायला आम्हाला पाऊण तास लागला. ओवळ्याच्या पुढचा आमचा उतार तुम्हाला माहीत आहे. तो शंभर पावलांचा रस्ता ती चार ठिकाणी थांबून चढली.

डॉक्टरांनी त्याच दिवशी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, वेदना कमी व्हायचं औषध दिलं आणि म्हणाले, "औषध मी देईन, पण हिला नालबंद लागेल. चांगला." तोच मिळेना. रेसच्या घोड्यांची कामं करणारे पुढच्या महिन्यापर्यंत भरलेले होते. एकाने फोनवरच सांगितलं की असल्या घोडीवर पैसे घालू नका. मी आठ दिवस रोज फोन फिरवत होते आणि घोडी उभं राहायचासुद्धा कंटाळा करायला लागली होती.

तुमचा पत्ता आम्हाला जांभळी नाक्याच्या मंडईत लागला. तिथल्या ज्या मावशी आमच्यासाठी गाजराचा पाला आणि मोडकी गाजरं गोणीत बाजूला काढून ठेवतात, त्या गोणी बांधता बांधता म्हणाल्या, "कळव्यात आमच्या चाळीच्या मागे एक म्हातारे नालबंद आहेत. आता काम करत नाहीत. विचारून बघते." त्या मावशींचे आभार निराळे मानायचे आहेत, पण सुरुवात त्यांच्यापासून झाली हे इथे लिहायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी भर पावसात तुम्ही आलात. कळव्याहून लोकलने ठाण्याला, तिथून गायमुखची बस, आणि खांद्यावर गोणपाटाची पिशवी. पिशवीत कानस, पकड, हातोडी, वाकडी सुरी आणि तुमच्या वडिलांचा, काम करताना मांडीवर घ्यायचा चामड्याचा पंचा. ठाणे स्टेशनबाहेर टांगे उभे राहायचे त्या काळात वडील तिथल्या घोड्यांना नाला ठोकायचे, आणि तो पंचा तेव्हाचा आहे, हे तुम्ही मला फार नंतर सांगितलंत.

मला वाटलं होतं तुम्ही लगेच खूर उचलाल. तुम्ही अर्धा तास काहीच केलं नाहीत. चांदणीच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिलात, तिला तुमचा हात, पिशवी, ओली टोपी हुंगू दिलीत. मग तळहात तिच्या खांद्यावरून सरकत गुडघ्यावर, तिथून नळीवर, तिथून खुराच्या वर, जिथे केस संपतात तिथे. दोन बोटं तिथेच ठेवून तुम्ही डोळे मिटलेत. "ठोका जोरात आहे पोरी. आत तापलंय." मग जराशी टेकण दिलीत, आणि आठ दिवस कुणाला पायाला हात लावू न देणाऱ्या घोडीने आपणहून पाय उचलला.

तो वास मी विसरणार नाही. खुराच्या तळाशी मधोमध जो मऊ त्रिकोणी भाग असतो, तो काळा पडून सडला होता. तुम्ही नाक न मुरडता सुरीच्या टोकाने सडलेलं तेवढंच काढत गेलात, जित्याला लागलं नाही. मी नाल कधी ठोकायची असं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "हिला आत्ता नाल नको. खिळा धरायला भिंतच कुठे आहे? हिला कोरडी जागा द्या आणि मला वेळ द्या."

एका नालबंदाने नाल नको म्हणावं, याचं मला तेव्हा फार नवल वाटलं. आता वाटत नाही.

वेळ म्हणजे किती, हेही तुम्ही त्याच दिवशी सांगितलंत. खूर वरून खाली वाढतो, महिन्याला धड एक सेंटीमीटरही नाही. केसांच्या रेषेपासून निघालेला चांगला खूर पुढच्या टोकाला जमिनीला टेकायला वर्ष लागतं, टाचेकडे जरा लवकर. ज्या दिवसापासून घोडीला पोटभर आणि नीट खायला मिळतं, त्या दिवसापासून वरून नवा, गुळगुळीत खूर यायला लागतो, आणि जुन्या-नव्याच्या मध्ये खाच पडते. "ती खाच खाली गेली की घोडी बरी," एवढंच तुम्ही म्हणालात. मग पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी आलात, कारण वाढलेली टोकं एकदम कापली असती तर तिचा तोलच गेला असता. नंतर दर सहा आठवड्यांनी.

तुम्ही सांगितलेलं रोज करणं हे आमचं काम होतं, आणि ते एकट्यादुकट्याचं नव्हतं. आमच्याकडे अकरा घोडे. पहाटे साडेपाचला बादलीचा आवाज झाला की अकरांची खिंकाळी एकदम उठते, मागच्या डोंगरावरून परत येते. लीद उचलायची, पाणी भरायचं (एकेक घोडा दिवसाला तीस-चाळीस लिटर सहज पितो, मे महिन्यात त्याहून जास्त), खरारा करायचा, चंदी भिजवायची, आणि प्रत्येकाचे चारही खूर कोरून साफ करायचे. चांदणीचे दोनदा. मोरचुदाच्या पातळ पाण्याने पुसायचे, फटीत कापसाची वात बसवायची, आणि ती कोरड्यात उभी राहील असं बघायचं. जुलैत घोडबंदर रस्त्याच्या या बाजूला कोरडी जागा शोधणं म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यालाच कळेल.

पाण्याच्या हौदापाशी खडी टाका, असं तुम्ही म्हणालात. मी ते सहज एका मुलाजवळ बोलले, त्याने घरी सांगितलं, आणि त्याच्या वडिलांनी आपल्या साइटवरून डंपरभर बारीक खडी पाठवली. रविवारी येणाऱ्या कॉलेजच्या मुलांनी घमेल्यांनी ती पसरली. येऊरच्या पाड्यावरच्या बायका गवताचे भारे आणायच्या, त्यांनी पावसात भारे ताडपत्रीखाली झाकून आणायला सुरुवात केली, कारण ओलं, बुरशी धरलेलं गवत घोड्याच्या पोटात गेलं तर काय होतं हे तुम्ही त्यांना उभ्या उभ्या समजावलं होतंत: घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात गेलं ते गेलं. बाजूच्या सोसायटीतून भाजीची देठं यायची त्यात कांदे, बटाटे, शिळ्या पोळ्याही असायच्या. आता त्यांच्या लिफ्टपाशी कागद लावला आहे, घोड्यांना काय चालतं आणि काय नाही. अक्षर एका आजोबांचं, मजकूर तुमचा.

एक गोष्ट कबूल करते. ऑगस्टमध्ये आमच्या म्हाताऱ्या घोड्याचं पोट दुखायला लागलं. तो सारखा कुशीकडे वळून बघत होता, पाय आपटत होता, लोळायला बघत होता. डॉक्टर येईपर्यंत रात्रभर आम्ही आळीपाळीने त्याला चालवत होतो, वीज गेलेली, सोसायटीतले चौघे मोबाइलचे दिवे धरून उभे. तो वाचला. पण त्या दोन दिवसांत चांदणी चिखलात उभी राहिली आणि कुणाचं लक्ष गेलं नाही. तुम्ही आलात, पाय उचललात, वास घेतलात आणि माझ्याकडे बघितलंत. "अकरा घोडे पाळता ना? मग अकरांकडे बघा." तुम्ही रागावलात ते बरोबर होतं. तेव्हापासून भिंतीवर खडूने तक्ता आहे आणि खुरांच्या रकान्यात रोज दोन फुल्या पडतात, तबेल्यात काहीही चालू असो.

दुसरी गोष्ट त्याहून जड आहे. आमच्या फाटकावर तेव्हा मोठा फलक होता: वरातीत घोडा नको. मी अजूनही त्या मताची आहे. डीजेच्या भिंतीसमोर, फटाक्यांत, डांबरी रस्त्यावर मध्यरात्रीपर्यंत जनावर उभं करणं मला मान्य नाही. पण तुम्ही आयुष्यभर वरातीच्या घोड्यांना नाला ठोकून घर चालवलंत, आणि पाच-सहा वेळा त्या फलकाखालून आमच्याकडे आलात, एक शब्द न बोलता. एकदा चहा पिताना म्हणालात, "घोडा नको हे लिहिलंत. घोडेवाल्याने काय करायचं तेही लिहा."

मला उत्तर देता आलं नाही. २०१५ साली उच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. घोडे वाचावेत असं मला मनापासून वाटत होतं, आजही वाटतं. पण त्या घोड्यांच्या मोतद्दारांचं पुढे काय होईल, हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. तुमच्या त्या एका वाक्याने आला.

मंगळवारचा नेम त्यातून सुरू झाला. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी फाटकाबाहेरच्या वडाखाली तुम्ही बसता आणि ज्याला यायचं तो घोडेवाला घोडा घेऊन येतो. पैसे नाहीत, प्रश्न नाहीत, फोटो नाहीत. फोटो नकोत हा तुमचा आग्रह होता आणि तो किती शहाणपणाचा होता ते मला नंतर कळलं. फोटो काढले असते तर दुसऱ्या मंगळवारी कुणी फिरकलं नसतं. पहिल्या वेळी एकच जण आला, तोही लांब उभा राहून बघत होता. आता भिवंडीकडूनही येतात. खूर पाहून होतात, दात पाहून होतात, डॉक्टर जंताचं औषध देतात. खोगिराखाली पाठ सोललेली असेल तर तुम्ही घोडेवाल्याचा हात धरून त्या जागेवर ठेवता आणि म्हणता, "तुझ्या पाठीवर असं असतं तर?" माझ्या फलकाने जे झालं नसतं ते तिथे होतं. फलक मी काढला नाही, पण त्याच्याखाली मंगळवारची वेळ लिहिली आहे.

या सगळ्याचे तुम्ही बसभाड्यापलीकडे पैसे घेतले नाहीत. मेट्रोच्या कामात रस्ता अडला होता त्या दिवशी माजिवड्यापासून इथवर यायला तुम्हाला दोन तास लागले, आल्यावर पाठ धरून बसलात, आणि तरी आधी चांदणीचा पाय बघितलात. मी रिक्षाचे पैसे हातात ठेवले तर ते तुम्ही गुळाच्या डब्याखाली ठेवून गेलात. मला ते रात्री सापडले.

या रस्त्याच्या नावातच घोडा आहे. खाडीवरच्या बंदरात पूर्वी घोडे उतरायचे म्हणून घोडबंदर, असं म्हणतात. आता इथे टॉवर आहेत आणि घोडा दिसला की मुलं गाडीची काच खाली करून बघतात. मागच्या आठवड्यात चांदणी मागच्या मोकळ्या माळावर आपणहून दुडकी चालली. कुणी हाकललं नव्हतं, बोलावलं नव्हतं. कुंपणापाशी शाळेच्या बसमधली मुलं ओरडली आणि ती तशीच, शेपूट वर करून, एक फेरी मारून आली. मी धावत जाऊन तुम्हाला फोन केला आणि मला बोलता आलं नाही. तुम्ही म्हणालात, "टापांचा आवाज ऐकव." मी फोन जमिनीजवळ धरला. चारही टापा सारख्या पडत होत्या.

काका, तुमचे आभार. चांदणीसाठी, मंगळवारसाठी, आणि रागावलात त्यासाठीही.

पुढची तारीख मी तक्त्यावर लिहिली आहे, परवापासून सहा आठवड्यांनी, सोमवारी. मृग तेव्हा लागलेला असेल, म्हणून त्या दिवशी ठाणे स्टेशनवर आमची गाडी येईल आणि तुम्ही तीत बसायचं, हे मी तुमच्या नातीशी बोलून ठरवलं आहे. आणखी एक. आपल्या तबेल्यातला पाड्यावरचा पोरगा, जो तुम्ही काम करताना पाय धरून उभा राहतो, त्याने पहिल्या पगारातून स्वतःची वाकडी सुरी घेतली आहे. तुमच्याकडून शिकायचं म्हणतो, विचारायला लाजतो. सुरीला धार नाही. येताना तुमचा दगड घेऊन या.

तुमची,
ओवळ्याच्या तबेल्यातली पोरगी