शेड क्रमांक एकच, रंग मात्र दोन

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: १० लिटरच्या डब्यातील रंग नमुन्याशी न जुळल्याबाबत

महोदय/महोदया,

लालबागच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीला खिडकी एकच, तीही पश्चिमेला. समोर काचेचा टॉवर झाल्यापासून खोलीत येतो तो त्या काचांवरून परतलेला निळसर उजेड. ही खोली आईची. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पांढराफटक रंग तिच्या डोळ्यांना खुपतो. म्हणून शेड कार्डावर बोट ठेवून मोकळी झाले नाही. तुमच्या विक्रेत्याकडून दोन शेड एक-एक लिटर बनवून आणल्या: एक राखाडी झाक असलेली पांढरी, दुसरी हळदीचा थेंब पडलेल्या दुधासारखी. रंगाऱ्याने भिंतीवर दोन-दोन हात देऊन पट्टे मारले. चार दिवस सकाळी, दुपारी आणि ट्यूबलाइट लावून पाहिले. राखाडी शेड पाच वाजताच सिमेंटसारखी दिसायची, दुधी शेवटपर्यंत उबदार राहायची. आई म्हणाली, "हाच लाव."

त्याच क्रमांकाचा १० लिटरचा डबा आणला. तीन भिंती झाल्या. चौथ्या भिंतीवर नवा रंग जुन्या पट्ट्याला टेकला आणि रेघ उमटली: इकडे दुधी, तिकडे गुलाबीसर. वाळला की जुळेल म्हणून रात्रभर थांबलो. सकाळी रेघ आणखी ठळक.

तुमचे प्रतिनिधी म्हणाले, उजेडामुळे शेड वेगळी भासते. ते मलाही ठाऊक आहे, म्हणून तर चार दिवस घालवले. पण इथे दोन्ही रंग एकाच भिंतीवर, एकमेकांना चिकटून आहेत. ट्यूब लावा की बंद करा, रेघ जात नाही.

मग झाकणांवरची लेबलं वाचली; शेड बनवताना कोणता रंग किती मिसळला, ते त्यांवर छापलेले असते. लहान डब्यात पिवळा ०.८ मिली. दहापटीने मोठ्या डब्यात ८ हवा, तिथे ४ छापला आहे. तांबडा मात्र बरोबर दहापट. चूक मशीनची की माणसाची, ते तुम्ही शोधा.

बनवलेला रंग परत घेत नाही, असे पावतीवर आहे. पण मी मन बदलून परत करत नाही; मागितला तो रंग मला मिळालेलाच नाही. योग्य शेडचा १० लिटर रंग आणि खोली पुन्हा रंगवण्याची मजुरी १५ दिवसांत द्यावी. नाहीतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे तक्रार करीन.

पावती, दोन्ही झाकणांचे आणि रेघेचे फोटो जोडले आहेत. पट्टा तसाच ठेवला आहे. पाहायला माणूस पाठवाल तर चारनंतर पाठवा. आई सध्या बाहेरच्या खोलीत सामानाच्या गठड्यांमध्ये झोपते.

आपली ग्राहक,
लालबाग, मुंबई