अ‍ॅप किती वेळ उघडलं ते नको, काम झालं का ते मोजा

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री, महाराष्ट्र राज्य
मुक्काम : हिवाळी अधिवेशन, नागपूर

महोदय,
स. न. वि. वि.

मोबाइलच्या व्यसनाचा विषय सभागृहात निघाला की बोट इन्स्टाग्राम आणि यूट्यूबकडे जातं. जायलाच हवं, पण त्यांच्यावर राज्याचा हात फारसा पोचत नाही. राज्याच्या पूर्ण हातात आहे ती सरकारी पैशाने बनणाऱ्या अ‍ॅपची निविदा. आम्ही नागपुरात, परसोडीपासून मिहानपर्यंत, अ‍ॅपचं डिझाइन, कोड आणि टेस्टिंग करणारे लोक आहोत आणि हे पत्र त्या निविदेपुरतंच आहे.

उत्पन्नाचा दाखला काढणाऱ्याला ते अ‍ॅप वर्षातून एखाद-दोनदा लागतं. पण निविदेत यशाचं माप म्हणून रोजचे वापरकर्ते आणि अ‍ॅपमध्ये घालवलेला वेळ लिहिला, तर कंत्राटदार त्याला रोज आत ओढायच्या मागे लागणार. बिलच तसं निघणार असेल तर दोष त्याला तरी किती द्यायचा? त्याऐवजी तीन आकडे मागावेत : सुरू केलेल्या अर्जांपैकी पूर्ण किती झाले, एका अर्जाला किती मिनिटं लागली, आणि त्याच कामासाठी कार्यालयात किती जणांना जावं लागलं. यातली मिनिटं कमी झाली तर कंत्राटदाराचे गुण वाढले पाहिजेत.

खरी मेख नोटिफिकेशनमध्ये आहे. अँड्रॉइड 8 पासून प्रत्येक नोटिफिकेशन कुठल्या तरी ‘चॅनेल’मधून, म्हणजे वेगळं चालू-बंद करता येणाऱ्या गटातून येतं. वापरणाऱ्याने एखादं चॅनेल बंद केलं, तर अ‍ॅपला ते परस्पर चालू करता येत नाही. मग पुढच्या अपडेटमध्ये त्याच मजकुराचं चॅनेल नव्या नावाने येतं आणि फोन पुन्हा वाजू लागतो. ‘आम्ही बंद करायची सोय दिली आहे’ असं म्हणायला कंत्राटदार मोकळा! म्हणून चॅनेलची यादी करारालाच जोडावी आणि नवं चॅनेल लेखी मंजुरीशिवाय नको. आमच्या मते तीन पुरतात. ‘अर्जाची स्थिती’ सुरुवातीपासून चालू. ‘मुदत संपते आहे’ हेही चालू, पण एका मुदतीला जास्तीत जास्त दोन आठवणी : सात दिवस आधी आणि एक दिवस आधी. ‘योजना व बातम्या’ सुरुवातीला बंद. कुणी चालू केलंच तर आठवड्यातून एकदा, एकत्र. रात्री 10 ते सकाळी 7 काहीच वाजू नये. मात्र ओटीपी आणि आपत्तीचा इशारा या गठ्ठ्यात आणि या वेळेच्या बंधनात कधीच टाकू नये. घाईत सगळं एकाच नियमात बसवलं की नेमकी हीच चूक होते, आणि लोक वैतागून पूर्ण व्यवस्थाच काढून टाकायला सांगतात.

अँड्रॉइड 13 पासून नोटिफिकेशनसाठी परवानगी विचारावी लागते. अ‍ॅप उघडल्या उघडल्या विचारली तर माणूस सवयीने ‘नको’ दाबतो, आणि दोनदा नाकारल्यावर फोन ती खिडकी दाखवतच नाही. ती अर्ज जमा झाल्यानंतर, ‘दाखला तयार झाला की कळवू का?’ असं म्हणून विचारावी.

यादीचं म्हणाल तर एका वेळी 20 नोंदी आणि खाली ‘आणखी दाखवा’. मात्र नोंद उघडून मागे आल्यावर माणूस त्याच जागी परतला पाहिजे. वर फेकला गेला तर तो वैतागेल आणि अखंड स्क्रोलच, म्हणजे न संपणारी यादीच बरी म्हणेल. व्हिडिओ आपोआप सुरू होऊ नये.

शाळेच्या अ‍ॅपमध्ये ‘स्ट्रीक’, म्हणजे सलग किती दिवस अ‍ॅप वापरलं त्याची साखळी, नकोच. वीज गेली, ताप आला, लग्नाला गावाला गेलं, की साखळी तुटते. ती वाचवायला मूल रात्री पावणेबाराला अ‍ॅप उघडून एक सोपा प्रश्न सोडवतं. अभ्यास त्यात होत नाही, आकडा तेवढा टिकतो. धडा संपला की ‘आजचं झालं’ असा पडदा यावा आणि पुढच्या धड्याचं बटण त्यावर नसावं. ‘तुम्ही 30 मिनिटं झाली बघताय’ अशा खिडक्यांवर आमचा फारसा भरवसा नाही. चार दिवसांत बोट न वाचताच त्या बंद करायला शिकतं.

कायद्याचा आधार अर्धा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी फसव्या डिझाइनचे 13 प्रकार अधिसूचित केले. खोटी घाई, नकार देणाऱ्याला लाजवणं, सतत टोचणी हे त्यात आहे; अखंड स्क्रोल, ऑटोप्ले आणि स्ट्रीक यांचा त्यात स्वतंत्र प्रकार नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 च्या कलम 9 मध्ये 18 वर्षांखालच्यांच्या वर्तनावर पाळत ठेवायला आणि त्यांना नेम धरून जाहिराती दाखवायला बंदी आहे, काही सवलती वगळता. मुलांच्या अ‍ॅपमध्ये बाहेरून आणून जोडलेला प्रत्येक एसडीके (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) त्यासाठी तपासावा लागेल, कारण असे तयार तुकडे पुष्कळदा न सांगता बरंच काही टिपतात.

शेवटचा हप्ता देण्याआधी एक तपासणी ठेवावी. अ‍ॅप स्वस्तातल्या फोनवर टाकायचं, एक अर्ज भरायचा आणि 14 दिवस फोन तसाच ठेवायचा. आलेलं प्रत्येक नोटिफिकेशन वेळेसकट लिहायचं आणि करारातल्या यादीशी ताडून बघायचं. यादीबाहेरचं एकही आलं तर हप्ता थांबवायचा.

ही कलमं निविदेच्या भाषेत दोन पानांत बसतात. अधिवेशन संपण्याआधी आपल्या विभागाने अर्धा तास दिला तर मसुदा घेऊन विधान भवनात येतो.

आपले,
नागपुरातील काही अ‍ॅप डिझायनर, डेव्हलपर आणि टेस्टर