खापर माळ्यावरून काढून ठेवा

धुळे,
रविवार, रात्री साडेदहा

ती. आई आणि नाना,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नका, इकडे सगळे बरे आहेत. फोनवर सांगितलं असतं तर आई, तू पहिल्याच वाक्याला हसत सुटली असतीस आणि नानांना अर्धंच ऐकू आलं असतं. म्हणून लिहितोय. मी पुरणाचे मांडे शिकतोय. मातीच्या खापरावरचे. पाच रविवार झाले.

आता हसून घे.

गेल्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, तुझा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, म्हणून मी इथून विकतचे मांडे घेऊन आलो होतो. तू 'चांगले आहेत हो' म्हणालीस आणि अर्ध्या मांड्याची घडी करून ताटाच्या कडेला सरकवलीस. रस मात्र दोन वाट्या घेतलास. ताईनं पाहिलं, मीही पाहिलं, बोललं कुणी नाही. ते मला वर्षभर टोचत राहिलं.

आमच्या कॉलनीमागे चार-पाच बायका मिळून लग्नाच्या ऑर्डरीचे मांडे करतात. पहिले दोन रविवार मी रस्त्यापलीकडून नुसता बघून परत आलो, ते या पाचांत धरलेले नाहीत. तिसऱ्यांदा त्यांच्यातल्या थोरल्या मावशींनीच हटकलं, 'काय मास्तर, किती पाहिजेत?' पाहिजेत नाहीत, शिकायचेत, म्हटल्यावर सगळ्यांचे हात थांबले. 'घरमा बाई नही का?' एकीनं विचारलं. आहे म्हटलं, पण तिलाही येत नाहीत. यावर जो हशा पिकला तो तुमच्या सुनेला अजून सांगितलेला नाही.

बावीस वर्षं मी फळ्यापुढे उभा आहे. तिथं चुकणारा नेहमी दुसरा असतो. इथं वयाच्या ४६व्या वर्षी, पँट दुमडून, पाटावर उकिडवा बसलेला मी, आणि समोर त्यांच्यातल्या एकीचा मुलगा. माझ्याच सातवीच्या वर्गातला. माझा पहिला मांडा कोपरापाशी फाटून पुरणासकट चुलीत पडला तेव्हा तो हसलाही नाही. अगदी गंभीरपणे म्हणाला, 'सर, पहिले लहान करा ना.' कान तापले माझे. चुलीनं नव्हेत.

पहिल्या दिवशी अकरा फाटले. मी मोजत होतो, हीसुद्धा मास्तरकीची खोड.

आई, तू हे इतकी वर्षं कसं केलंस? कणीक मळायची हे मला माहीत होतं, पण ती आपटून आपटून तिंबायची, तार धरेपर्यंत, हे माहीत नव्हतं. मग झाकून ठेवायची. घाई करून लगेच घेतली तर ओढली की रबरासारखी मागे येते, मुरली की सैल पडते, सांगाल तिकडे जाते. पुरण भरलेला उंडा पोळपाटावर थोडा लाटायचा आणि उचलून हातांवर घ्यायचा. इथं माझी गाडी अडली. मी तो बोटांच्या टोकांनी धरायचो, पडेल या भीतीनं. जिथं बोट रुतलं तिथंच भोक. मावशींनी घड्याळ काढायला लावलं, अंगठी काढायला लावली, नखं बघितली. मग म्हणाल्या, 'हातकडे दखू नका मास्तर, मांडाकडे दखा.'

हे वाक्य मला तीन रविवार कळलं नाही. मी माझ्याच हातांवर पहारा करत होतो, बायका बघत होत्या त्याहून जास्त. चौथ्या रविवारी मांड्याच्या कडेकडे बघत बसलो, कुठं जाड आहे, कुठं पुरण दिसायला लागलंय, आणि हात आपोआप फिरायला लागले. मांडा स्वतःच्याच वजनानं वाढतो, आपण फक्त त्याला या हातावरून त्या हातावर जाऊ द्यायचं. गंमत म्हणजे मधल्या आठवडाभर मी पिठाला हात लावलेला नसतो, तरी पुढच्या रविवारी आधी न जमलेलं जमतं. हालचाल अंगवळणी पडण्याचं काही काम झोपेत होतं, असं शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे रात्री तुमची सून म्हणते की मी झोपेत हात हलवतो, ते खरं असावं!

खापरावर टाकणं अजून कच्चं आहे. पलीकडची कड आधी टेकवून हात अलगद आपल्याकडे काढायचा. खापर घुमटासारखं, त्यामुळे मांडा नीट पडला तर सुरकुती न पडता चहूकडे बसतो. माझा एका बाजूला गोळा होतो. डाव्या हातावरचे केस जळाले आहेत. पण आज सात टाकले आणि चार अख्खे उतरले.

नाना, आता तुम्हाला एक सांगायचंय, त्यासाठीच खरं तर पत्र. मागच्या दिवाळीत मी तुम्हाला नवा मोबाइल शिकवत होतो. तुम्ही बोट दाबायचात आणि काही उघडायचं नाही. त्या काचेला बोटाची बारीकशी वीज कळते, आणि तुमच्यासारख्या कोरड्या, घट्टे पडलेल्या कातडीतून ती नीट पोचत नाही. हे मी वर्गात शिकवतो. तरी पोरांसमोर तुमच्यावर खेकसलो, 'किती वेळा सांगायचं?' तुम्ही 'बरं' म्हणालात आणि मोबाइल कव्हरात घालून ठेवलात. परत कधी विचारलं नाहीत.

मावशी मला पाच रविवारांत एकदाही असं म्हणाल्या नाहीत.

आखाजीला आलो की पुन्हा बसू, तुमच्या खोलीत, दार लावून. पोरांना निंबाखाली झोक्यावर पाठवू.

मी दोन दिवस आधी येतो. माळ्यावरचं खापर गड्याला सांगून उतरवून घ्या, नाना, तुम्ही शिडीवर चढू नका. बोटानं वाजवून बघा, तडा असेल तर बद्द वाजेल. चुलीसाठी कपाशीच्या पऱ्हाट्या कोरड्या ठेवा. गहू मात्र आई, तूच काढून ठेव. चूल मागच्या अंगणात मांडू, ओट्यावर नको, अख्खी गल्ली जमेल. तू खुर्चीवर बसायचं आणि फक्त पुरणाच्या कटाची रशी कशी करायची ते सांगायचं. पितरांच्या घागरीपुढे आजीला फाटका मांडा ठेवायचा मला धीर होणार नाही, म्हणून उंडे जास्तीचे करू. फाटतील ते मी खाईन.

तुमचा,
भाऊ

ता. क. ताईला इतक्यात सांगू नका. ती व्हिडिओ काढेल.