प्रवेश सर्वांसाठी खुला

कराड, रविवार

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, व्याख्यानाला बसवलं आम्हाला. हजेरी लागणार होती म्हणून गेलो. मागच्या तीन रांगा नुसत्या मोबाइलवर." आणि हसलीस. मीही हसलो. पण नंतर दुकानात येऊन बसलो तर कामात लक्ष लागेना. समोर लग्नपत्रिकेचं प्रूफ होतं, त्यात वधूच्या मामाचं नाव दोनदा पडलं होतं आणि ते मला दिसलंच नाही. तुझ्या आईनं दाखवलं. म्हटलं, मनात आहे ते लिहूनच टाकावं. व्हॉट्सॲपवर एवढं मोठं तू वाचणार नाहीस, पाकीट आलं तर निदान फोडशील.

लग्नाआधी मी पुण्यात प्रेसमध्ये होतो, एवढंच तुला माहीत आहे. १९८८ ते १९९४. सदाशिव पेठेत एका बोळात तळमजल्यावर दोन ट्रेडल मशिनं आणि भिंतीला लागून खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांच्या केसी. मी खिळे जुळारी. बारावीला गणितात गटांगळी खाल्ली आणि कॉलेज हा विषय आपल्या घरात तिथंच मिटला. आण्णांच्या ओळखीनं प्रेसमध्ये चिकटलो. दिवसभर उभं राहून एकेक अक्षर उचलायचं, स्टिकमध्ये लावायचं, ओळ भरली की पुढची. अक्षरं उलटी असतात, त्यामुळं आजही मला आरशातलं सरळ वाचता येतं. संध्याकाळी रॉकेलनं हात धुतले तरी नखांतली शाई जायची नाही.

आमच्याकडं पुस्तकांची कामं कमी, कार्यक्रमांच्या पत्रिका जास्त. कॉलेजांची वाङ्मय मंडळं, विज्ञान मंडळं, स्मृती व्याख्यानं, एकांकिकांच्या तालीम पाहायची आमंत्रणं. विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळाची व्याख्यानं तर गावोगावच्या कॉलेजांतून व्हायची. त्या 'बहिःशाल'मधला विसर्ग आमच्या केसमध्ये दोनच ठिकाणी शाबूत होता. पत्रिकेत मंडळाचं नाव तिसऱ्यांदा आलं की मालक म्हणायचे, "पूर्णविराम उलटा करून काय जमतंय का बघ." जमायचं नाही.

या सगळ्या पत्रिकांच्या तळाला एक ओळ ठरलेली असायची. 'प्रवेश सर्वांसाठी खुला.' काम छापून झालं की खिळे परत आपापल्या खणात टाकायचे असतात. ही ओळ मात्र मी सोडायचोच नाही. दोऱ्यानं बांधून गॅलीच्या कोपऱ्यात ठेवून द्यायचो, पुढच्या पत्रिकेला तयार. सहा महिने ती ओळ अशी हाताखालून गेली आणि एक दिवस डोक्यात आलं, की 'सर्वांसाठी' म्हणजे माझ्यासाठीही असेल की.

त्या संध्याकाळी पहिल्यांदा गेलो. अलका टॉकीज, लकडी पूल, डेक्कन, तिथून सरळ फर्ग्युसनचं फाटक. पायी वीस-पंचवीस मिनिटं. कोणी अडवलं नाही. ते दगडी ॲम्फी थिएटर पाहून मला आधी वाटलं, हे देऊळच आहे काय. सगळ्यात मागे, दाराजवळ बसलो. हात मांडीखाली घेतले, कारण शाई. वक्ता काय बोलला ते आज आठवत नाही. एक तास कोणीतरी माझ्यासमोर एकाच विषयावर बोलतंय आणि त्याबद्दल मला कोणी काही विचारणार नाही, पास-नापास नाही, याचं केवढं अप्रूप वाटलं होतं तेवढं आठवतं.

मग सवयच लागली. कुठं काय आहे ते मला सगळ्या पुण्याच्या आधी कळायचं, मीच जुळवायचो ना! एसपी कॉलेज तर आमच्या पेठेच्या तोंडाशीच. गोखले संस्थेत गेलो तेव्हा कळलं, की संस्थेच्या काळे स्मृती व्याख्यानात २९ जानेवारी १९३९ ला डॉ. आंबेडकर बोलले होते, आणि विषय होता संघराज्य विरुद्ध स्वातंत्र्य. इंग्रज सरकार जी संघराज्याची योजना लादू पाहत होतं, ती त्यांनी त्या एका भाषणात चिरून ठेवली. नंतर त्याची पुस्तिका निघाली. माझ्या डोक्यात आलं ते वेगळंच. कुणीतरी जुळाऱ्यानं ते पान न पान उभं राहून जुळवलं असणार. त्याला पत्रिका पोचली असेल का?

एकदाची गंमत सांगतो, ही तुझ्या आईलाही पूर्ण ठाऊक नाही. एका कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांचं व्याख्यान होतं, दुष्काळ आणि ऊस. ते म्हणाले, पाणी मिळालं की शेतकरी डोळे मिटून ऊस लावतो. आता मी कृष्णाकाठचा. आपल्या आबांनी ऊस का लावला ते मला ठाऊक होतं. ज्वारीचा भाव कोण सांगणार, पण उसाला कारखाना होता, वजन होतं, पावती होती. प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि माझा हात वर गेला. कसा गेला देवाला ठाऊक. अध्यक्ष म्हणाले, "आपण कुठल्या वर्गात?" मी म्हणालो, "मी वर्गात नाही, मी पत्रिका छापलीय." सगळं सभागृह हसलं. मला घाम फुटला. पण प्राध्यापक हसले नाहीत. म्हणाले, "विचारा." मी विचारलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, की डोळे मिटून हा शब्द मी मागे घेतो. नंतर चहाच्या वेळी कप हातात घेऊन ते माझ्याजवळ आले आणि पावतीचं परत सांगायला लावलं. माझी बोटं त्यांच्या कपाच्या बशीला लागली, काळा ठसा उमटला. त्यांनी पाहिलं आणि काही बोलले नाहीत.

तर मागच्या महिन्यात मी तुझी गोधडी द्यायला तुझ्या कॉलेजवर आलो तेव्हाचं. तू यायला दहा मिनिटं लागली. मी फाटकाशी उभा होतो. आत बोर्डावर कसल्याशा व्याख्यानाचं पोस्टर होतं, वाचावं म्हणून दोन पावलं टाकली तर रखवालदार म्हणाला, "काका, आयडी?" त्याची काही चूक नाही, त्याला सांगितलंय तेच तो करतो. मुलींचं कॉलेज, दिवस कसे आहेत ते मलाही कळतं. पण पोस्टरच्या तळाशी डोळे गेले सवयीनं. ती ओळ नव्हती. त्या जागी एक चौकोनी ठिपक्यांचं चित्र होतं, नोंदणीचं.

आता तुझ्या गळ्यात ते कार्ड आहे. मला ज्या दारातून चोरासारखं आत जावं लागायचं तिथं तुला मशीन टुकदिशी आवाज करून आत घेतं. आणि तू मागच्या रांगेत मोबाइलवर! रागावत नाही गं. सक्तीनं बसवलेल्या व्याख्यानात मीही झोपलो असतो. म्हणून सांगतो, हजेरीचं असेल तिथं बस आणि सोडून दे. पण ज्याची हजेरी नाही, प्रमाणपत्र नाही, असं महिन्यात एक तरी शोध. प्रमाणपत्रांचं तर मला सांगूच नको, ती मीच छापतो. शेकडा काय दर आहे ते माहीत असल्यावर त्याचं कौतुक वाटेनासं होतं.

तुझ्या त्या मैत्रिणीला पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेच्या तालमीला जागा मिळत नव्हती म्हणालीस. आमच्या वेळीही तेच. १९६३ पासून ही स्पर्धा चालू आहे, आणि मला वाटतं तेव्हापासून पोरं जिन्याखाली आणि पार्किंगमध्येच तालमी करताहेत. भरत नाट्यला 'आव्वाज कुणाचा' ऐकायला मी तीन वर्षं गेलो. पण खरी मजा ऑगस्टमधल्या तालमींची. एकच वाक्य चाळीस वेळा म्हणताना पोरांचा आवाज बसतो आणि एकेचाळिसाव्या वेळी ते वाक्य अचानक खरं वाटतं. २०२२ साली परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही, आठवतं? तुझा मामा भडकला होता, पोरांची मेहनत वाया गेली म्हणून. मला तो निर्णय पटला. प्रूफमध्ये चूक दिसली तर चूकच म्हणायचं असतं. जाऊ दे, तो वाद दिवाळीत परत होईलच.

खेळाचंही तसंच. "मला खेळात गती नाही" म्हणून तू मैदानाकडं फिरकत नाहीस. खेळायला कोण सांगतंय, बघायला जा. पैलवान खाशाबा जाधवांचं गोळेश्वर आपल्या कराडला लागूनच, शाळेत असताना तू भाषणही केलं होतंस. पण भाषणात हेलसिंकी असतं, राजाराम कॉलेजचं मैदान नसतं. आपल्याकडं सगळे सांगतात, की कोल्हापूरला कॉलेजच्या क्रीडा स्पर्धेत त्यांची ती लहानखुरी चण बघून क्रीडाशिक्षक कुस्तीत घेईनात. ते प्राचार्य खर्डेकरांकडे गेले आणि खर्डेकरांनी उतरू दिलं. पुढं त्याच खर्डेकरांनी ऑलिंपिकच्या खर्चासाठी घर गहाण टाकून सात हजार उभे केले. १९५२ चं ब्राँझ. त्या पहिल्या दिवशी मैदानाच्या कडेला बसून शेंगा खाणारी जी पोरं असतील, त्यांनी जन्मभर सांगितलं असेल, आम्ही तिथं होतो. आता तुमच्या विद्यापीठात खाशाबांच्या नावाचं क्रीडा संकुल आहे. कधी गेलीस का बघायला?

आणि आयुका, पुण्यातली ती खगोलशास्त्राची संस्था. तू सातवीत होतीस, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला आपण पहाटेच्या एसटीनं गेलो होतो. आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन, चौघांच्या पुतळ्यांजवळ तू फोटो काढून घेतलेस. मग त्या टांगलेल्या लंबकापाशी हटून बसलीस. गोळा आपला सरळच झुलतोय, खालची पृथ्वी फिरतेय म्हणून त्याची दिशा बदलल्यासारखी दिसते, हे समजेपर्यंत उठलीच नाहीस. आपली परतीची गाडी चुकली. कुणीतरी सांगितलं, की नारळीकर सर मुलांना नुसती सही देत नाहीत, पोस्टकार्डावर प्रश्न पाठवा म्हणतात, उत्तराखाली सही येते. दुसऱ्या दिवशी तू पोस्टकार्ड आणलंस. प्रश्न कोणता विचारायचा ते ठरेना. आज नको, उद्या नक्की. सर २०२५ च्या मे महिन्यात गेले. ते कोरं कार्ड वीजबिलांच्या फायलीत आहे, परवाच दिसलं.

अजून एक काम आहे. तुमचा डबा आणणाऱ्या मावशींचा मुलगा फाटकाबाहेर सायकल लावून पुस्तक वाचत उभा होता, मी बघितलं. कुठलं पुस्तक होतं ते दिसलं नाही. तुमच्या कॉलेजात पाहुण्यांना नेता येतं का, ऑफिसात विचार. येत असेल तर एखाद्या व्याख्यानाला त्याला घेऊन जा. त्याला आवडलं नाही तर अर्ध्यातून उठेल, त्यात काय.

आता माझं. सीओईपीचा, म्हणजे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा, रेगाटा हा नदीवरचा बोटींचा सोहळा मला परत बघायचा आहे. १९२८ पासून त्यांचा बोट क्लब आहे. मी एकदाच पाहिला होता, मुळेच्या काठावर गर्दीत उभा राहून. पाण्याला वास होता, कडेला जलपर्णी होती. आणि अंधार पडल्यावर पोरं हातात मशाली घेऊन बोटींवर उभी राहिली. खाली पाण्यात त्या मशाली उलट्या दिसत होत्या, स्टिकमधल्या अक्षरांसारख्या. साधारण मार्चमध्ये असतो. तारीख कळव, पास लागत असेल तर दोन काढून ठेव. आईला विचारलं, तिला डासांची भीती वाटते.

मी शनिवारचा माल पोचवून दुपारच्या एसटीनं येतो. फाटकाशी थांबेन, तू कार्ड घेऊन न्यायला ये.

गोधडीला उन्हं दाखव.

तुझे,
बाबा