'इथं होत नाही, पुढं जा'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गर्भपाताच्या कायद्यांवरील आपल्या रविवारच्या लेखासोबत देशोदेशींच्या मुदतींची चौकट होती. तीत दक्षिण आफ्रिकेपुढे '१२ आठवडे, मागणीनुसार' असे लिहून 'आफ्रिकेतील सर्वांत उदार कायद्यांपैकी एक' अशी पावती दिली आहे. पावती खोटी नाही. पण नवऱ्याच्या नोकरीमुळे मी चार वर्षे जोहान्सबर्गला काढली आहेत, आणि ती चौकट वाचताना मला तिथले खांब आठवले.

तिथे सिग्नलला 'रोबोट' म्हणतात. आमच्या रस्त्यावरच्या रोबोटच्या खांबांवर वहीच्या अर्ध्या पानाएवढे गुलाबी-पिवळे कागद डकवलेले असत: 'सुरक्षित गर्भपात, वेदना नाहीत, त्याच दिवशी मोकळे', खाली मोबाइल नंबर. एकावर एक चिकटून त्यांचा पुठ्ठ्यासारखा थर झालेला. शेजारीच सोडून गेलेला प्रियकर परत आणून देणाऱ्या बाबांचे कागद. आपल्याकडे रेल्वेरुळांच्या कडेला गुप्तरोगवाल्यांच्या भिंती असतात ना, तोच थाट. मला आधी वाटले, कायदा मोकळा आहे म्हणून दवाखानेच जाहिरात करत असतील. हा सगळा बेकायदा धंदा आहे, हे शेजारणीने सांगितले. फोन केला की कुणीतरी भाड्याच्या खोलीवर बोलावतो, सुट्या गोळ्या हातावर ठेवतो, आणि रक्त थांबले नाही तर सरकारी इस्पितळ गाठा म्हणतो.

जिथे सरकारी दवाखान्यात हे काम फुकट होते, तिथे या कागदांना गिऱ्हाईक कुठून मिळते? आमच्या इमारतीत साफसफाईला येणाऱ्या बाईने मला ते दाखवले. दोन मुले पदरात, तिसऱ्याची ऐपत नव्हती. आठव्या आठवड्यात ती जवळच्या क्लिनिकमध्ये गेली. खिडकीवरच्या बाईने मान वर न करता सांगितले, 'इथं होत नाही, पुढं जा.' पुढे म्हणजे दोन मिनीबस बदलून मोठ्या इस्पितळात. तिथे पहाटेपासून रांग, रोज ठरावीक जणींनाच घेणार. हिचा नंबर लागला नाही. दुसऱ्या खेपेला सोनोग्राफी करून आणायला सांगितले. तिसऱ्या खेपेला हे काम करणारी एकुलती एक नर्स रजेवर. प्रत्येक खेपेला एका दिवसाचा रोज बुडाला. काम झाले तेव्हा बारा आठवडे भरायला दोन दिवस उरले होते. कुणीही तिला 'नाही' म्हटले नव्हते, नुसत्या तारखा दिल्या होत्या.

या दोन दिवसांचे मोल कायदा वाचला की कळते. पहिल्या बारा आठवड्यांत बाईची मागणी पुरेशी. कारण सांगावे लागत नाही, नवऱ्याची संमती लागत नाही, अल्पवयीन मुलीलाही आईबापांची सही सक्तीची नाही. प्रशिक्षित सुईण किंवा नर्स हे काम करू शकते. तेराव्या आठवड्यापासून मात्र डॉक्टरच लागतो आणि कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एखादे दाखवावे लागते. (नर्सना ही मुभा देणारी दुरुस्ती तिथल्या संविधान न्यायालयाने २००६ मध्ये रद्द केली होती. कारण गर्भपाताचे नव्हतेच. संसदेने लोकांचे म्हणणे नीट ऐकून घेतले नाही, एवढेच. २००८ मध्ये ती रीतसर पुन्हा केली गेली. हा सोपस्कार आपल्याकडे कुणी मनावर घेतला तर किती कायदे उरतील!)

कायद्याला मी नावे ठेवत नाही. वर्णभेदाच्या काळातल्या १९७५च्या कायद्यात डॉक्टरांच्या सह्यांवर सह्या लागत. पैसेवाल्या गोऱ्या बायका इंग्लंडला जाऊन येत, काळ्या बायकांच्या नशिबी गर्भ पाडायला सुया आणि साबणाचे पाणी. मंडेलांच्या सरकारने १९९६ मध्ये नवा कायदा केला, १ फेब्रुवारी १९९७ पासून तो लागू झाला, आणि काही वर्षांतच गर्भपातामुळे होणारे मृत्यू ९१ टक्क्यांनी घटल्याचे संशोधकांनी नोंदवले. एवढे यश क्वचितच कुठल्या कायद्याला मिळाले असेल.

पण २०१७ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेने दाखवून दिले की देशातल्या ३,८८० सरकारी आरोग्यकेंद्रांपैकी सात टक्क्यांहूनही कमी ठिकाणी ही सेवा मिळते. 'माझ्या श्रद्धेत बसत नाही' म्हणून अंग काढून घेणारे डॉक्टर-नर्स पुष्कळ. वाट अडवणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद त्याच कायद्यात आहे. पण 'पुढं जा' म्हणणाऱ्याने वाट अडवली, हे सिद्ध कोण करणार? जी नर्स हे काम करते तिला सहकाऱ्यांचे टोमणे ऐकावे लागतात, तीही किती वर्षे टिकेल?

आपला कायदा तर त्याहून एक पाऊल मागे आहे. २०२१च्या दुरुस्तीने काही जणींसाठी मुदत २४ आठवड्यांवर नेली खरी, पण पहिल्या महिन्यातसुद्धा बाईची मागणी पुरेशी नसते, डॉक्टरचे मत लागतेच.

पुढच्या वेळी अशी चौकट छापाल तेव्हा 'किती आठवडे' या रकान्याशेजारी 'पहिल्या फेरीनंतर किती दिवसांनी' असाही एक रकाना असू द्या. तो भरायला आपल्या वार्ताहराला एखाद्या ग्रामीण रुग्णालयाच्या खिडकीवर पाठवून सुरुवात करता येईल.

— एक वाचक, पुणे