बोधिधर्माची गोष्ट सांगा, पण गोष्ट म्हणून सांगा

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत चीनमधल्या शाओलिन या बौद्ध मठावर लेख आला, बघून खूप बरं वाटलं, मराठी पेपरात या विषयावर सहसा कोणी लिहीत नाही. पण त्यात 'कुंग फू भारतानेच चीनला दिलं, बोधिधर्माने शाओलिनच्या भिक्षूंना ते शिकवलं' हे अगदी सिद्ध झाल्यासारखं छापलंय. मी मुलांचा कुंग फूचा क्लास घेतो, सोमवारी निम्मी मुलं तेच बोलत आली, म्हणून लिहायला बसलो.

ही गोष्ट मी पण कित्येक वर्षं सांगायचो. दक्षिण भारतातला राजपुत्र संन्यासी होऊन चीनला गेला, गुहेत नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून बसला, आणि भिक्षू ध्यानात पेंगतायत, अंगात ताकद नाही हे बघून त्यांना व्यायाम शिकवला, त्यातून पुढे कुंग फू झालं. मुलं तोंड उघडं ठेवून ऐकतात. पण बोधिधर्माबद्दलचा सगळ्यात जुना चिनी उल्लेख ५४७ सालच्या आसपासचा आहे आणि त्यात तो चक्क पर्शियाकडून आलेला म्हातारा भिक्षू आहे, चीनमधल्या लोयांग शहरातला मोठा स्तूप बघून हात जोडणारा. दक्षिण भारतातला ब्राह्मण वगैरे माहिती सातव्या शतकातल्या चरित्रात येते. मारामारी, ठोसा, लाथ, काठी यातलं दोन्हीकडे काहीच नाही.

मग हे आलं कुठून? 'यीजिन जिंग' नावाची व्यायामाची पोथी आहे, स्नायू बदलून टाकणारी असा साधारण अर्थ. तिच्यावर बोधिधर्माचं नाव आहे, प्रस्तावनेवर ६२८ साल आहे, पण पोथी लिहिली गेली सतराव्या शतकात, म्हणजे हजार वर्षांनी, आणि लिहिणारा बौद्ध पण नाही, ताओ पंथाचा माणूस. ही लबाडी चिनी विद्वानांनी स्वतःच पकडली, तांग हाओ यांनी तर १९३० मध्ये ही सगळी दंतकथा पुराव्यासकट खोडून काढली, आणि ते स्वतः मार्शल आर्ट करणारे होते. आपण मात्र अजून तेच फॉरवर्ड करतोय.

आणि गंमत म्हणजे शाओलिनची स्वतःची जी जुनी गोष्ट आहे ती इथे कोणी सांगतच नाही. ते लोक आधी काठीसाठी प्रसिद्ध होते, आणि काठीचा गुरू ते बोधिधर्माला नाही, किन्नर राजाला मानायचे, हो, आपल्या यक्ष-किन्नरांमधलाच किन्नर. मठात १५१७ चा शिलालेख आहे त्यातली कथा अशी, की स्वयंपाकघरात एक गरीब हरकाम्या होता, १३५१ मध्ये लाल फेटेवाले बंडखोर मठावर चालून आले तेव्हा हा चुलीतली लाकडं सारायची काठी घेऊन बाहेर आला, डोंगराएवढा झाला आणि बंडखोर पळाले, मग कळलं की हा तर देव होता. ही पण दंतकथाच. पण एका स्वयंपाक्याच्या हातातली काठी, मला तर ही जास्त आवडते.

खरा इतिहास पण काही कमी नाही. ६२१ मध्ये शाओलिनचे भिक्षू ली शिमिनच्या बाजूने लढले, तो पुढे तांग घराण्याचा सम्राट झाला, आणि तेरा भिक्षूंची नावं आजही मठातल्या शिलालेखावर आहेत. ही त्यांची मेहनत आहे हो, ती आपल्या नावावर का लावायची? भारताचं नातं हवं असेल तर पक्कं आहे ना, हा मठ ४९५ च्या सुमारास बांधलाच मुळी बातुओ नावाच्या भारतीय भिक्षूसाठी, आणि तिथल्या चान या बौद्ध पंथाचं नाव म्हणजे आपला ध्यान शब्दच. पण बातुओचं नाव क्लासमध्ये एकाही मुलाने ऐकलेलं नव्हतं.

लेखकाने कष्टाने लिहिलंय, त्यांच्यावर राग नाही. फक्त पुढच्या वेळी त्या वाक्याच्या आधी 'अशी आख्यायिका आहे' एवढं घाला, आणि जागा असेल तर किन्नराची गोष्ट पण छापा, मी ते कात्रण क्लासच्या भिंतीवर लावीन.

आपला,
पुरवणी दर रविवारी वाचणारा एक कुंग फू शिक्षक