सूचना : रविवारी पट्ट्या बसवायला सुरुवात

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता, नेहमीच्या जागी, जहाजाच्या मॉडेलच्या सांगाड्यावर लाकडी पट्ट्यांचा पहिला थर चढवायचा आहे. त्याआधी घरी एवढं नक्की करून या : नाळेकडच्या (पुढच्या टोकाच्या) आणि मागच्या बरगड्यांच्या, म्हणजे सांगाड्याच्या आडव्या फळ्यांच्या, कडा पॉलिश पेपरने तिरक्या घासा. पट्टी बरगडीवर पूर्ण टेकली पाहिजे, नुसत्या धारेवर नको.

पट्ट्या रात्रभर भिजत घालू नका. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं पुरतात. वाकवून, पिना लावून पूर्ण वाळू द्या आणि मगच फेव्हिकॉल लावा. ओली चिकटवलेली पट्टी वाळताना आकसते आणि फटी पडतात. पावसाळ्यात तर जास्तच वेळ द्या.

एक पट्टी डावीकडे, लगेच जोडीची उजवीकडे. माझ्या पहिल्या जहाजाची एकच बाजू मी आधी भरली आणि कणा (सांगाड्याचा मधला लांब आधार) पिळला. तो शेवटपर्यंत सरळ झाला नाही.

पुढचं मॉडेल 'ट्रिंकोमाली'चं करावं, अशी मनापासून इच्छा आहे. मुंबईत वाडियांनी सागवानात बांधलेलं, १८१७ चं हे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. रविवारी त्यावर बोलू.

कटर, पिना, चिमटे ज्याचे त्याने आणावेत.